सलाईन आईला लावता, ते बाळापर्यंतही पोचतं

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील प्रसूतितज्ज्ञ, प्रसूतिगृहांचे चालक, लेबर रूममधल्या सिस्टर्स
आणि जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतील अधिकारी

विषय: बाळंतपणात दिलेल्या सलाईनची लेखी नोंद आईच्या आणि बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

"किती सलाईन दिलं, हे पेशंटला लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही." शहरातल्या एका खासगी प्रसूतिगृहात आमच्या लेखी अर्जाला काउंटरवर मिळालेलं हे तोंडी उत्तर. त्या प्रसूतिगृहाचं नाव मी लिहिणार नाही. तिथले लोक उद्धट नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांना हा प्रश्नच नवा होता. आजवर कुणी विचारलाच नव्हता म्हणे. म्हणून हे पत्र एका दवाखान्याला न लिहिता तुम्हा सगळ्यांना, आणि तुमच्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घराला वाचता येईल असं उघड लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. जीवशास्त्राची शिक्षिका आहे. अकरावी-बारावीच्या पोरांना परासरण (पातळ पडद्यातून पाणी आरपार जाणं), वृक्क म्हणजे मूत्रपिंड, आणि वार शिकवते. माझी भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या भावाकडे आली, तेव्हा "आत्या, तूच बघ गं कागद" म्हणून फाइल माझ्या हातात आली. फाइलमध्ये जे होतं त्यापेक्षा जे नव्हतं त्यानं मला हे लिहायला बसवलं.

झालं ते थोडक्यात असं. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनंतर "पिशवीतलं पाणी कमी आहे" असं सांगण्यात आलं. रिपोर्टवरचा आकडा होता सात सेंटीमीटर. दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, प्रोटीनची बाटली चढवली, घरी घ्यायला सॅशे दिले. पुढे नवव्या महिन्यात कळा आणण्यासाठी पुन्हा दाखल केलं. कळांच्या औषधाची बाटली सुरू झाली आणि तोंडानं पाणी बंद. पोरगी घोटभर पाण्यासाठी काकुळतीला आली, तर उत्तर आलं, "सलाईन चालू हाय की गं, मग तहान कशी लागंल?" बाटल्या संपत होत्या, बदलत होत्या. त्या कसल्या आणि किती, हे दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या वहिनीला कुणी सांगितलं नाही. आत पडलेल्या भाचीला विचारायचं भान नव्हतं. मुलगी झाली. वजन ३.१ किलो. तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर २.८१. "नऊ टक्क्यांच्या वर उतरलंय, आईचं दूध पुरत नाही, पावडर सुरू करा." आम्ही केली. नात आज छान आहे, त्यामुळे हे पत्र कुणावर राग काढायला लिहिलेलं नाही. पण "माझं दूधच पुरलं नाही" हे भाचीनं जे मनाला लावून घेतलं, ते अजून पुरतं निघालेलं नाही.

डिस्चार्ज कार्डवर टाक्यांची नोंद होती, गोळ्यांची होती, लसींची होती, रक्तगट होता. सलाईनबद्दल एकच ओळ: "आय. व्ही. फ्लुइड्स दिले." कुठलं, किती, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, काही नाही. अॅंटिबायोटिकच्या बाबतीत असं चाललं असतं का? "अॅंटिबायोटिक दिलं" एवढं लिहून कुणी सही केली असती?

पुढचा थोडा भाग तुम्हाला माहीत आहे. तो तुमच्यासाठी लिहीत नाही, घरोघरच्या वाचकांसाठी लिहिते. तुम्ही फक्त मी कुठे चुकले तर सांगा.

आईचं रक्त आणि बाळाचं रक्त वारेत एकमेकांत मिसळत नाही, पण मधल्या पातळ पडद्यातून पाणी आरपार जातं. ते कुठल्या बाजूला जाईल हे दोन्हीकडच्या क्षारांवर ठरतं: जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तोच नियम. आईच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, एरवी लिटरला १३५ ते १४५ मिलीइक्विव्हॅलंट असतं, गरोदरपणात ते चार-पाच अंकांनी खालीच राहतं. पोटातल्या बाळाचं सोडियम आईच्या सोडियमला धरून चालतं. आईचं रक्त पातळ झालं की पाणी बाळाकडे सरकतं आणि बाळाचंही रक्त पातळ होतं. उलट आई उन्हातान्हात सुकली की पाणी बाळाकडून आईकडे ओढलं जातं, बाळाची लघवी कमी होते आणि पिशवीतलं पाणी घटतं. कारण गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात ते पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. दिवसापोटी अर्ध्या लिटरहून जास्त लघवी पूर्ण वाढीचं बाळ पिशवीत सोडतं आणि तेच पाणी गिळतही राहतं.

आता बाटल्यांकडे बघू. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि सोडियम शून्य. साखर शरीर वापरून टाकतं. मागे उरतं ते निव्वळ पाणी. आरएलमध्ये, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये, लिटरला साधारण १३० सोडियम असतं, नॉर्मल सलाईनमध्ये १५४. हुकाला टांगलेल्या या तिन्ही बाटल्या लांबून सारख्याच दिसतात, बाळापर्यंत पोचणारा परिणाम मात्र वेगळा. त्यात कळांसाठी ऑक्सिटोसिन सुरू असेल तर आणखी एक गोष्ट घडते. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारं व्हॅसोप्रेसिन आणि हे ऑक्सिटोसिन हे रचनेनं अगदी जवळचे भाऊबंद. मोठ्या मात्रेत ऑक्सिटोसिनही आईची लघवी कमी करतं. म्हणजे एका हातानं बिनमिठाचं पाणी ओतायचं आणि दुसऱ्या हातानं बाहेर जायची वाट अडवायची. आईच्या अंगावर चढलेल्या अशा पाण्यामुळे नवजात बाळाचं सोडियम घसरतं, हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९८१ साली छापून आलं. म्हणजे हा काही परवाचा शोध नव्हे. सोडियम फार खाली गेलं तर बाळ सुस्त पडतं, ओढत नाही, श्वास भरभर घेतं, क्वचित झटके येतात.

साखरेची गोष्ट वेगळी. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. जास्त साखर आली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. नाळ कापली की साखर एकदम थांबते, इन्शुलिन मात्र रक्तात असतंच. मग जन्मल्यावर बाळाची साखर उतरते, बाळ थरथरतं. (मधुमेह असलेल्या आईच्या पोटातल्या बाळाला लघवी जास्त होते आणि पिशवीत पाणी जास्त साठू शकतं, त्यामागेही हीच साखर. आपल्याकडे गुऱ्हाळ लागलं की गरोदर बाईला "घे गं, ताकद येईल" म्हणून रसाचे ग्लासावर ग्लास देतात. साखरेची चाचणी झाल्याशिवाय हे लाड नकोत, हे या निमित्तानं सांगून टाकते.)

आणि वजन. जन्माआधीच्या तासांत आईमार्फत जास्तीचं पाणी मिळालेलं बाळ ते पहिल्या २४ तासांत लघवीवाटे काढून टाकतं. ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवलं: आईला जितकं जास्त सलाईन, तितकी बाळाची पहिल्या दिवसाची लघवी जास्त आणि वजनातली घटही जास्त. घट मोजताना जन्माचं वजन न धरता २४ तासांनंतरचं वजन पाया धरावं, असं त्यांनी सुचवलं. आमच्या नातीचं गणित करून बघा. ३.१ वरून २.८१ म्हणजे घट नऊ टक्क्यांच्या वर. पण समजा, त्या ३.१ मध्ये दीडशे ग्रॅम आईच्या बाटलीतलं पाणी असेल तर खरा पाया २.९५, आणि घट पाच टक्क्यांच्याही आत. पहिल्या आकड्याला पावडर, दुसऱ्याला "बाळ छातीशी धरत राहा, सगळं ठीक आहे." आमच्या बाबतीत दोहोंपैकी खरं कुठलं? सांगता येत नाही. चोवीस तासांनी वजन केलं नव्हतं आणि सलाईन किती दिलं ते लिहिलं नव्हतं. माझी खरी तक्रार हीच आहे. सलाईन का दिलं, असं मी विचारत नाही. दिलेलं लिहिलं का नाही, एवढंच विचारते.

आमचं निभावलं. पण ज्या बाळाला दुसऱ्या दिवशी झटके येतात त्याचा विचार करा. ते बाळ अॅंब्युलन्समधून दुसऱ्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जातं. सिंधुदुर्गातून, निपाणीकडून कितीतरी बाळं अशी कोल्हापुरात येतात. सोबतच्या चिठ्ठीवर वजन असतं, बाळ रडलं कधी ते असतं. आईच्या शिरेतून गेल्या बारा तासांत काय आणि किती गेलं, हे असतं का? बालरोगतज्ज्ञ सोडियम तपासतील, साखर तपासतील, ती कमीही निघेल. पण ती का कमी आहे याचं उत्तर मागे राहिलेल्या केसपेपरवर, आणि तिथेही ते नसेल तर कुठेच नाही.

आता बाकीच्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, हे मलाही कळतं.

तोंडानं पाणी बंद करणं ही त्यातली मोठी. या नियमाचं मूळ १९४६ मध्ये आहे. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी त्या वर्षी दाखवलं की बाळंतपणात पूर्ण भूल दिलेल्या बायकांच्या पोटातलं अन्न-आम्ल फुप्फुसात जाऊन जीवघेणा त्रास होऊ शकतो. तेव्हाची भूल वेगळी होती. आता सिझेरियन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या शिफारशींत स्वच्छ म्हटलं आहे की ज्यांना फारसा धोका नाही अशा बायकांना कळांच्या काळात खाऊ-पिऊ द्यावं, आणि कळा लवकर आटपाव्यात म्हणून सरसकट सलाईन लावू नये. त्याच संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये, म्हणजे सिस्टरांनी तासातासाला भरायच्या तक्त्यात, तोंडानं घेतलेल्या पाण्यासाठीही रकाना आहे आणि सलाईनसाठीही. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. तांदळाची पेज, ताक, मुगाचं कढण, साधं पाणी, हे द्यायला आपल्याकडे कुणाचीच ना नसते. हातात लोटा घेऊन आई दाराबाहेर उभीच असते.

पण पाण्याचीही मर्यादा आहे, हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. स्वीडनमध्ये २००९ साली छापलेल्या एका अभ्यासात, कळांच्या काळात अडीच लिटरहून जास्त द्रव मिळालेल्या ६१ बायकांपैकी १६ जणींचं सोडियम १३० किंवा त्याखाली आलं होतं. आणि त्या अभ्यासातलं बरंचसं पाणी शिरेतून गेलेलं नव्हतं, प्यायलेलं होतं! तेव्हा "पी गं, पी गं" म्हणत तांब्यावर तांबे रिचवायला लावणाऱ्या माझ्यासारख्या आत्यांनीही हे ऐकावं. तहान लागेल तेवढं, घोट घोट. आणि तेही लिहून ठेवायचं.

दुसरी तक्रार "पाणी कमी"ची. सात सेंटीमीटर हा आकडा पाहून आमच्या घरात चूल पेटली नाही. नंतर वाचलं, पाच ते पंचवीस ही नेहमीची मर्यादा. म्हणजे सात हा खालच्या टोकाला असला तरी आतलाच. त्यातही पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याच्या खोलीची बेरीज करण्यापेक्षा पाण्याचा एकच सर्वांत खोल कप्पा मोजला, आणि तो दोन सेंटीमीटरच्या वर असला की पुरेसं मानलं, तर "पाणी कमी"चा शिक्का कमी बायकांवर बसतो. बेरजेच्या पद्धतीनं कळा आणण्याचं प्रमाण वाढतं, बाळांचं भलं मात्र वाढलेलं दिसलेलं नाही. या विषयावरच्या चाचण्यांचा निष्कर्ष हाच आहे. ही मोजणी कुठल्या पद्धतीनं केली, नेहमीची मर्यादा काय, हे रिपोर्टवर मराठीत एका ओळीत छापायला काय हरकत आहे?

खरोखर पाणी कमी असलेल्या बाईनं दोन लिटर साधं पाणी प्यायलं तर काही तासांत पिशवीतलं पाणी वाढतं, हे छोट्या अभ्यासांतून दिसलं आहे. गंमत अशी की त्यासाठी क्षार कमी असलेलं पातळ पाणीच उपयोगी पडतं, रक्ताइतकंच खारट सलाईन फारसं काही करत नाही. आईचं रक्त किंचित पातळ झालं की पाणी बाळाकडे सरकतं, हा वर सांगितलेलाच नियम. लेबर रूममध्ये जो नियम धोक्याचा, तोच आठव्या महिन्यात कामाचा. फरक फक्त किती आणि केव्हा याचा. शहाळ्यातही शेवटी बहुतेक पाणीच असतं. परवडत असेल तर प्यावं, नसेल तर माठ आहे. मग प्रोटीनच्या महागड्या बाटल्या कशासाठी? त्यांनी पाणी वाढून बाळाचं भलं होतं याला भक्कम पुरावा मला तरी सापडला नाही. तुमच्याकडे असेल तर दाखवा, मी जाहीरपणे मान्य करीन. आणि जिथे पिशवी फुटून पाणी गळतंय, जिथे वारच नीट काम करत नाही, जिथे बाळाच्या मूत्रपिंडातच दोष आहे, तिथे बाटली चढवून मूळ दुखणं जात नाही. तिथे बाळावर बारीक लक्ष ठेवणं हाच उपचार, आणि तो तुम्ही करताच.

पावडरच्या दुधाबद्दल जास्त लिहीत नाही. बाळांच्या डब्याच्या दुधाच्या विक्री-जाहिरातीवर बंधनं घालणारा कायदा १९९२ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. स्तनपानासाठी 'मा' कार्यक्रम २०१६ मध्ये आला. डबा सुरू करायला सांगणाऱ्यानं, निदान त्याआधी, बाळानं पहिल्या दिवशी किती वेळा लघवी केली हे विचारावं आणि आईला किती सलाईन गेलं हे बघावं. जास्त सलाईननं आईचे स्तन सुजून बाळाला नीट धरता येत नाही, असंही होऊ शकतं. आमच्याकडे हात-पाय सुजलेले सगळ्यांनी पाहिले, "बाळंतपणात सूज येतेच" म्हणून विषय संपला.

एक तक्रार मात्र खासगी दवाखान्यांशी संबंधित नाही. महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची तपासणी असते. रांगेत बसलेल्या बायका पाणी पीत नाहीत. का? स्वच्छतागृह नसतं किंवा कुलूपबंद असतं. शिरोळ, कागल, करवीरच्या फडात ऊस तोडायला आलेली गरोदर बाई दिवसभर पाणी टाळते, तेही याच कारणानं. तिच्या पोटातल्या बाळाचं पाणी असंच घटतं, आणि मग तिलाही बाटली चढवायला पाठवतात. पाण्याची टाकी आणि कडी लागणारं दार, एवढाच उपचार तिथे हवा आहे.

दोष सगळा तुमचा, असं मी म्हणत नाही. "डॉक्टर, एक बाटली चढवा, पोरगी गळून गेलीय" असा हट्ट आम्हीच धरतो, आणि बाटली न लावणारा डॉक्टर आम्हाला कमी वाटतो. दुकानातून वस्तू घ्यावी तसं सलाईन मागतो. रक्तस्राव होतोय, रक्तदाब कोसळलाय, कमरेत भूल द्यायची आहे, उलट्यांनी बाई सुकली आहे, अशा वेळी हीच बाटली जीव वाचवते, हे मी जाणते. एक सिस्टर एकाच वेळी तीन-चार जणींच्या कळा सांभाळते, तिच्यावर आणखी एक तक्ता लादते आहे, हेही कळतं. पण बाटली लावताना तिच्यावर वेळ लिहिण्याइतका वेळ असतो. रक्तदाब वाढलेल्या, अंगावर सूज असलेल्या बाईला एकूण द्रव तासाला ८० मिलीच्या आसपास ठेवतात, नाही तर फुप्फुसात पाणी भरायची भीती. म्हणजे मोजून द्यायची रीत तुमच्याकडे आहेच. ती फक्त अशा बाईपुरती का?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत आईला शिरेतून दिलेल्या प्रत्येक द्रवाचं नाव, मात्रा आणि वेळ केसपेपरवर लिहावी, आणि त्याची एकूण बेरीज आईच्या तसंच बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर द्यावी. बाळ दुसरीकडे पाठवलं तर ती बेरीज सोबतच्या चिठ्ठीवर पहिल्या पाच ओळींत असावी. ही मागणी मान्य झाली तर बाकीच्यांसाठी मी थांबायला तयार आहे.

ऑक्सिटोसिन द्यायचंच असेल तर ते क्षारयुक्त द्रवात द्यावं, शक्य तिथे इन्फ्युजन पंपानं (औषध मोजून हळूहळू सोडणाऱ्या यंत्रानं), म्हणजे कमी पाण्यात हवी ती मात्रा जाईल. नुसत्या डेक्स्ट्रोजमध्ये ते चालवलं असेल तर कारण लिहावं.

ज्यांना धोका नाही त्यांना कळांच्या काळात तोंडानं पाणी-पेज मिळावी. बंद करायची असेल तर कारण बाईला आणि घरच्यांना तोंडानं सांगावं, "आमच्याकडे तसंच असतं" हे कारण नव्हे.

बाळाचं वजन चोवीस तासांनी पुन्हा करावं आणि पुढची घट त्यावरून मोजावी. काटा सगळ्यांकडे आहे. खर्च शून्य.

केसपेपरची प्रत मागितली तर द्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची असतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी पाहणीच्या वेळी चार केसपेपर उघडून सलाईनचा रकाना भरलेला आहे का, एवढं बघावं. सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' कार्यक्रम आहे. त्याच्या तपासणीतही हे बसतं.

आणि जिल्हा परिषदेनं नऊ तारखेच्या प्रत्येक केंद्रावर पिण्याचं पाणी आणि कुलूप नसलेलं, स्वच्छ स्वच्छतागृह आहे का हे त्या दिवशी सकाळी तपासावं. ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यांवर कारखान्यांकडून ते करून घ्यावं. गाळप सुरू व्हायच्या आधी, नंतर नव्हे.

डिस्चार्ज कार्डवर चिकटवता येईल असा एक मसुदा मी करून ठेवला आहे. त्यात आहे ते एवढंच: द्रवाचं नाव, एकूण मिली, ऑक्सिटोसिन कशात दिलं, आईनं तोंडानं किती घेतलं, बाळाचं जन्माचं वजन, चोवीस तासांचं वजन, पहिल्या दिवसाच्या लघवीची संख्या. तुमच्यापैकी कुणी अशी नोंद आधीपासून देत असेल तर तुमचा नमुना माझ्यापेक्षा चांगलाच असेल, तो बाकीच्यांना द्या. ज्यांच्याकडे नाही त्यांना माझा मसुदा देईन, आणि पहिल्या महिन्याच्या छपाईचा खर्चही उचलीन.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर